ढगे मॅडमचे दोन डबे

ढगे मॅडम प्रयोगशाळेत कधी घाईत दिसल्या नाहीत आणि प्रयोगशाळेबाहेर कधी निवांत दिसल्या नाहीत. कॉलेजच्या फाटकातून त्यांची स्कूटी आत यायची ती हॉर्न वाजवतच. पदर कमरेला खोचलेला, हेल्मेटचा पट्टा गळ्याशी लोंबणारा, पायाशी भाजीची पिशवी. जिना चढताना फोनवर दूधवाल्याशी भांडण चाललेलं असायचं. पण प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या की बाई निराळीच व्हायची. आतल्या स्लिपर घालायच्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या, पांढरा कोट चढवायच्या, आणि मग त्यांचा आवाज असा खाली यायचा, की आत कुणाचं लेकरू झोपलंय असं वाटावं.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. तेव्हापासून आम्ही त्यांचे जुने विद्यार्थी कुठेही भेटलो की पाच मिनिटांत त्यांच्या बोलण्याची नक्कल सुरू होते. वर्गात त्या पुस्तकासारखं बोलायच्या, प्रयोगशाळेत मात्र अल्लीपूरचं. मूळ गाव तेच. वडील शेतकरी, थोरला भाऊ शेतकरी, आणि ह्या घरातली पहिली शिकलेली मुलगी वर्ध्याला येऊन जीवरसायनशास्त्राची प्राध्यापक झाली. लग्न केलं नाही. बोरगाव मेघेत लहानसं घर बांधलं आणि दर शनिवारी न चुकता अल्लीपूरला जात राहिल्या.

मी त्यांच्याकडे संशोधनाला लागले तेव्हा एम.एस्सी. होऊन वर्ष उलटलं होतं. वडिलांचं देवळीला कापडाचं दुकान, घरात संशोधन हा शब्द कुणी उच्चारलेला नाही. मी मार्कांची फाइल छातीशी धरून उभी. मॅडमने ती उघडलीसुद्धा नाही.

"स्वयंपाक करतेस काय?"

मला रागच आला. मुलगा असता तर हे विचारलं असतं का? तरी म्हणाले, "करते. आवडत नाही."

"मीठ मोजून टाकतेस का अंदाजानं?"

"अंदाजाने."

"इथं अंदाज नाई चालत. प्रशांतलेही मी हेच विचारलं होतं. त्याले तर घरात मीठ कुठं असते तेच माहीत नव्हतं. तरी घेतला. तुलेही घेते."

कोपऱ्यात काचेच्या नळ्या धूत असलेला प्रशांत वळून हसला. तो माझा सीनियर. पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यावर आलेला, हिंगणघाटकडचा, उंच आणि अबोल मुलगा.

मॅडमचा शब्दांवर कडक पहारा असे. प्रशांत एकदा म्हणाला, "मॅडम, औषधानं पेशी मेल्या."

"मेल्या हे तुले कोणं सांगतलं? कमी दिसल्या म्हण. चिकटल्या नसतील, वाहून गेल्या असतील, तूच मोजताना डुलकी घेतली असशीन."

"दिसलं" आणि "आहे" ह्या दोन क्रियापदांत त्यांनी आमची हयात घालवली. घरी मी आईला म्हणू लागले, "वरणात मीठ कमी असल्यासारखं वाटतंय." आई म्हणाली, "वाटतंय काय, कमीच आहे! ह्या पोरीले झालं काय?"

आमचं काम होतं फुफ्फुसाच्या कॅन्सरवर. थेट रोग्यांवर नाही, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या तिच्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे गाठीच्या पोटातल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. निरोगी पेशी अशा वेळी मान टाकते. कॅन्सरची पेशी अधिक चिवट होते. तिच्यात हिफ नावाचं एक प्रथिन जागं होतं आणि ते हुकूम सोडू लागतं. नव्या रक्तवाहिन्या ओढून आणा, हवेवाचून साखर जाळा, औषधाला दाद देऊ नका. मॅडम हे नव्या मुलांना गावच्या भाषेत समजावायच्या. "हिफ म्हणजे असा गडी, की त्याले पेशी रोज बोलावते अन रोज दारातूनच परत पाठवते. परत पाठवणारा कोण? प्राणवायू. ज्या दिवशी तो दारात नाई, त्या दिवशी हा गडी आत शिरते अन मालक होऊन बसते."

ह्या गड्याला रोखणारं काही वनस्पतींत सापडतं का, हा मॅडमचा शोध. जिल्ह्यातल्या वायगावची हळद प्रसिद्ध. तिच्या तेलातून वेगळा काढलेला एक घटक आम्ही पेशींवर टाकत होतो. पेशींना प्राणवायू मिळू नये म्हणून हवाबंद डबे लागत. बाहेरून मागवायचे तर कॉलेजची ऐपत नव्हती. मॅडमने वर्ध्यात दुकानांच्या पाट्या करणाऱ्या एका कारागिराकडून जाड अॅक्रिलिकचे दोन डबे करून घेतले. झाकणाला रबर, गॅस आत सोडायला एक तोटी, बाहेर काढायला एक. हळदीच्या तेलाचा वास उडतो आणि शेजारच्या पेशींनाही लागू शकतो, म्हणून एक डबा कायम औषधाच्या पेशींचा आणि दुसरा साध्या, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींचा. औषधाच्या डब्यावर मॅडमने लाल टिकली चिकटवली होती, साध्यावर निळी.

पेशींचा जुना साठा गोठवून ठेवावा लागतो, द्रवरूप नायट्रोजनमध्ये. तो नागपूरहून यायचा. एका उन्हाळ्यात गाडीच आली नाही. वर्ध्याचा मे महिना, कॅनमधली पातळी खाली चाललेली, आणि आत मॅडमची कित्येक वर्षांची पुंजी. मॅडम डोक्याला हात लावून बसल्या आणि एकदम उठल्या. "देवळीले जनावरांचा दवाखाना आहे ना वं? तिथं वळूचं बीज ठेवतात, ते काय माठात ठेवत असतील काय?"

ऑटो केला, कॅन मांडीशी धरून देवळी गाठली. तिथले डॉक्टर फॉर्म काढून विचारू लागले, "कोणती जात पाहिजे? जर्सी का गीर?"

"साहेब, बैल नको. नुसता थंडावा द्या."

त्या माणसाने हसत हसत कॅन भरून दिला. परतताना झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ निघू लागली. ऑटोवाल्याने आरशात पाहिलं आणि गाडी थेट बाभळीखाली उभी केली. "बाई, हे फुटन तर नाई?" मॅडम म्हणाल्या, "नाई फुटत बापा. चल, तुले गार वारा भेटून राह्यला फुकटात." तो वर्ध्यापर्यंत मान वाकडी करून चालवत आला.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आम्हाला ती रेघ दिसली. म्हणजे दिसेनाशी झाली. प्रथिन किती आहे हे फिल्मवर काळ्या रेघेने कळतं. साध्या पेशींत हिफची रेघ काळीभोर, हळदीचा घटक दिलेल्या पेशींत जवळजवळ नाहीशी. प्रशांतने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग मी केलं, तेच. मॅडमने फिल्म खिडकीशी धरली आणि इतकंच म्हणाल्या, "चांगलं दिसून राह्यलं." त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले. शोधनिबंध लिहिला, वर्षभराने छापून आला. प्रशांतच्या प्रबंधाचा कणाच तो होता.

मग एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर आला. मॅडमने त्याला तासभर समजावलं. दुसऱ्या दिवशी फोटोसकट मथळा: 'वर्ध्याच्या हळदीपुढे कॅन्सर हरला!'

"हरला?" मॅडम पेपर हातात धरून उभ्याच राहिल्या. "मी त्याले दहा वेळा बशी म्हटलं. बशी कुठं गेली ह्याच्यातली?" त्यांनी फोन करून खुलासा छापायला लावला. तो चार दिवसांनी निविदांच्या जाहिरातीखाली बोटभर छापून आला. तोवर मथळा व्हॉट्सअॅपवर विदर्भभर फिरला होता.

बोरगाव मेघेच्या घरी माणसं येऊ लागली. यवतमाळकडून, चंद्रपूरकडून, पिशवीत रिपोर्ट घालून. मॅडम कुणालाही दारातून परत पाठवत नसत. बसवायच्या, पाणी द्यायच्या, रिपोर्ट शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि मग सांगायच्या, "माझ्यापाशी औषध नाई. तुमची किमो चालू आहे ना, ती सोडू नका." काही लोक चिडून जायचे. एक बाई म्हणाली, "मोठ्या लोकांसाठी ठेवलं असन." ते वाक्य मॅडमना फार लागलं.

देवळीचे एक औषधांचे व्यापारीही आले. माझ्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मीच सोबत होते. त्यांना हळदीच्या कॅप्सूल काढायच्या होत्या आणि बाटलीवर मॅडमचा फोटो हवा होता. "मॅडमजी, आखिर हळदच तर आहे. नुकसान तर काही नाही ना?"

"शेठजी, नुकसान गोळीनं नाई होत. गोळी भेटली म्हणून माणूस दवाखाना सोडून घरी बसते, त्यानं होते."

शेठ चहा पिऊन निघून गेले. मॅडम हे बोलल्या त्या दिवसांत अल्लीपूरला नेमकं तेच चाललं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

त्यांचे थोरले भाऊ रामभाऊ, त्यांचे दादा. मॅडमना कॉलेजात घालण्यासाठी बापाशी भांडलेला माणूस. आयुष्यभर बिडी ओढली आणि साठीत फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. पेपरातली बातमी येण्याच्या थोडं आधीच. वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात किमो सुरू झाली होती. दादा आपल्या मुलाबरोबर येतो, सलाईन घेतो आणि जातो, असं मॅडम धरून चालल्या होत्या. शनिवारी गेल्या की दादा म्हणायचा, "बरं वाटून राह्यलं."

एके दिवशी दुपारी प्रयोगशाळेत वहिनींचा फोन आला. मॅडमचे हात गुंतलेले, म्हणून मी फोन स्पीकरवर लावून समोर धरला.

"बाई, तुम्ही देलेलं औषध संपत आलं. अजून पाठवता काय?"

मॅडमचे हात जागीच थांबले. "कोणतं औषध, वहिनी?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही नाई देलं?"

मॅडम मला "चल" म्हणाल्या. कोटही तिथेच खुर्चीवर टाकला. आम्ही एसटीने अल्लीपूरला पोचलो तेव्हा दादा ओसरीवर खाटेवर बसून कापसाच्या गंजीकडे बघत होते. चांगलेच वाळले होते, पण बहिणीला पाहून चेहरा खुलला. कोनाड्यात तुपात शिजवलेल्या हळदीची बरणी होती. मॅडमने ती उघडून वास घेतला आणि परत ठेवली.

"किमो कधीपासून बंद हाये, दादा?"

"दिवाळीपासून."

"काऊन?"

"आता काऊन म्हणते! पेपरात तुह्या फोटो आला. म्हटलं, घरीच औषध असताना तिकडे ओकाऱ्या काढत काऊन पडू? वायगावची हळद आणली. हिले सांगतलं का शैलानं गुपचूप देली, नाई तर हिनं खाऊ देलं नसतं."

"मले काऊन नाई विचारलं?"

दादांनी बहिणीकडे समजूतदारपणे पाहिलं. "अवं, सरकारची परवानगी भेटेस्तोवर तुले बोलता येत नसन. मी समजून घेतलं."

मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. बराच वेळ भावाच्या हाताची नखं बघत राहिल्या, लहान मुलाची बघावी तशी. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी माह्यासंगं वर्ध्याले येजो. तुले काहीतरी दाखवायचं हाये."

दुसऱ्या दिवशी दादा प्रयोगशाळेत आले. धोतर, डोक्याला दुपट्टा, पायात आमच्या स्लिपर. मॅडमने त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि स्वतः मागे उभं राहून भिंग जुळवून दिलं.

"दिसलं काय?"

"हो. फरशी बसवल्यावानी दिसते." मग म्हणाले, "मस्त दिसते वं. हाच काय तो रोग?"

"हाच."

"कोणाच्या ह्या?"

"परदेशातल्या एका माणसाच्या. तो कधीचाच गेला. त्याच्या फुफ्फुसातून काढलेल्या पेशी जगभर वाढवतात."

"तो गेला अन ह्या जित्या हाये?"

"मरत नाई, हाच तर त्यांचा रोग."

दादांनी डोळा भिंगावरून काढला. "त्याच्या घरच्यांले माहीत हाये काय?"

मॅडमने त्या पेशींना इतक्या वर्षांत काय काय विचारलं असेल त्याला गणती नाही. हा प्रश्न त्यांनाही नवा होता. त्या म्हणाल्या, "मले माहीत नाई, दादा."

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि भावासमोर बसल्या. "आयक. इथं बशीत पेशींचा एक पातळ थर असते, अन औषध मी थेट त्यावर टाकते. तुह्या छातीत गाठ हाये. तू हळद खाल्ली का ती पोटात जाईन, तिथून किती रक्तात जाईन, गाठीपर्यंत काय पोचन, मले माहीत नाई. कोणालेच धड माहीत नाई. किमो तिथपर्यंत जाते, हे माहीत हाये."

"पण पेपरात—"

"पेपरात माह्या फोटो खरा होता. बाकी त्याचं."

दादा बराच वेळ दुपट्ट्याचं टोक पिळत बसले. मग उठले. "चाल मंग. कुठं हाये तुह्या दवाखाना?"

त्या दिवशीच किमो पुन्हा सुरू झाली. मधला काळ गेल्याने किती नुकसान झालं, हे मॅडमने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते सांगता येणार नाही. मॅडम तो विषय पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण त्या आठवड्यात त्यांनी आम्हाला सगळे प्रयोग पहिल्यापासून करायला लावले. प्रशांत म्हणाला, "मॅडम, छापून आलंय आता."

"माझ्या एका रेघेवर भरवसा ठेवून माणूस घरी बसला, प्रशांत. ती रेघ मले पुन्हा पाहू दे. अन ह्या खेपेले डबे बदल. लाल टिकलीत साध्या पेशी, निळ्या टिकलीत औषधाच्या."

"कशासाठी?"

"कशासाठीच नाई. हे एवढंच आपण कधी केलं नाई, म्हणून."

फिल्म आली ती प्रशांतनेच आणली. टेबलावर ठेवली आणि बाजूला झाला. ह्या वेळी रेघ नाहीशी झाली होती ती साध्या पेशींत. ज्यांना औषध दिलं होतं, त्यांच्यात ती ठसठशीत उभी होती. लाल टिकलीच्या डब्यात जे जाईल त्याची रेघ पुसली जात होती. हळदीचा त्यात काही संबंध नव्हता.

मॅडमने डबा उचलला, स्कूटीवर पुढे ठेवला आणि घरी नेला. आम्ही दोघं मागोमाग. घरामागे सिमेंटचं पाण्याचं टाकं होतं. पदर खोचून त्यांनी डबा पाण्यात दाबून धरला आणि प्रशांतला सायकलच्या पंपाने तोटीतून हवा भरायला सांगितली. झाकणाच्या एका कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. उन्हाळ्याने रबर तिथे तडकलं होतं. बाहेरची हवा आत जात होती, प्राणवायू त्या गड्याला दारातून परत पाठवत होता, आणि आम्ही श्रेय हळदीला देत होतो.

कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "मॅडम, पंक्चर काढून राह्यले काय?"

"हो काकू," मॅडम बुडबुड्यांवरून नजर न काढता म्हणाल्या, "पंक्चरच आहे."

निबंध मागे घ्यायचा त्यांचा निर्णय तिथेच, ओल्या हातांनी झाला. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. कॉलेजच्या तपासणीला समिती यायची होती, आणि अहवालात मॅडमच्या संशोधनाचं अख्खं पान होतं. "निदान समिती जाऊ द्या. कुणाला कळणार आहे?"

"मले कळलं ना, सर," असं त्या चक्क वऱ्हाडीत म्हणाल्या. प्राचार्यांसमोर त्या कधी तसं बोलत नसत.

खरा घाव प्रशांतवर बसला. प्रबंध बांधायला दिलेला, एका कॉलेजात मुलाखत ठरलेली, घरी मुलगी बघणं चाललेलं. तो मॅडमना एकच वाक्य बोलला, "मॅडम, तुमची नोकरी पक्की आहे." आणि गेला. कित्येक दिवस आला नाही. मॅडमने फोन केला नाही. एक दिवस सुटी टाकून त्या त्याच्या घरी गेल्या. तिथे काय झालं ते प्रशांतने मला पुढे सांगितलं. त्या त्याच्या आईबाबांसमोर म्हणाल्या, "चूक त्याची नाई. डबा माझा, भरवसा माझा. तुमच्या पोराचं वर्ष-दीड वर्ष माझ्यामुळं चाललं. मी ते परत देऊ शकत नाई, पण तो येईन तर रोज त्याच्या शेजारी उभी राहून काम करीन." वडिलांना ह्यातलं काही उमगलं नाही. ते म्हणाले, "बाई इतक्या दुरून आल्या, आधी जेवू तर द्या." मॅडम जेवल्या, त्याच्या आईला ताटं उचलू लागल्या आणि परतल्या. प्रशांत पुढच्या सोमवारी आला.

राहिलं होतं दादांना सांगणं. मॅडम किमोच्या खोलीत त्यांच्याजवळ बसल्या. मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते, दाराशीच थांबले.

"दादा, माह्या तो शोध चुकीचा निघाला. डबा फुटका होता."

दादांच्या हाताला सुई लावलेली. ते डोळे मिटून ऐकत होते. "म्हणजे हळदीत काईच नाई?"

"जे म्हटलं होतं ते नाई. दुसरं काही असन तर पुन्हा पाहीन."

"अन तू मले किमो घ्यायले लावलं, तेव्हा तुले डब्याचं माहीत होतं?"

"नाई. तेव्हा मले वाटत होतं का शोध बरोबर हाये."

"तरी घ्यायले लावलं."

"तरी."

दादा डोळे उघडून हसले. मग विचारलं, "आता गावात काय सांगू? मी तर सगळ्यांले सांगून बसलो."

"खरं सांगजो."

आणि त्यांनी सांगितलं. पुढच्या शनिवारी आम्ही अल्लीपूरला गेलो तर पानठेल्यावरचा माणूस मॅडमना थांबवून म्हणाला, "बाई, रामभाऊ सांगून राह्यले होते तुमचं." मॅडमने मान खाली घातली. तो पुढे म्हणाला, "म्हणे, माह्या बहिणीनं मोठ्ठा शोध लावला अन स्वतःच सांगतलं का चुकला. म्हणे, असं सांगणारा एक माणूस दाखवा जिल्ह्यात." मॅडमने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि भराभर चालू लागल्या. त्यांना तसं चेहरा लपवत चालताना मी एवढ्या एकदाच पाहिलं.

दादांनी पुढचा कापूस घरात आलेला पाहिला, नातीचं बारसं पाहिलं आणि उन्हाळा लागता लागता गेले. मॅडम दिवस करून कामावर आल्या. तेव्हा प्रशांतने नवं रबर बसवलेल्या डब्यांची चाचणी लावून ठेवली होती. त्यांनी हात धुतले आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

नव्या प्रयोगांत हळदीच्या त्या घटकाने रेघ थोडीशी फिकट केली. पुसली नाही. थोडीशी, तीही ठरावीक मात्रेलाच. मॅडमने तेवढंच लिहिलं, सुरुवातीला आपली जुनी चूक सविस्तर देऊन. एका लहानशा नियतकालिकात ते छापून आलं. मी उत्साहाने त्या जुन्या वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, थोडीशी फिकट झाली, ही काय बातमी आहे?" मॅडमना सांगितलं तर त्या खो खो हसल्या. "त्याचं बरोबर आहे. ह्याले मथळा कसा देईन तो!" प्रशांतला उशिरा का होईना पदवी मिळाली. आज तो एका कॉलेजात शिकवतो आणि ऐकतेय की मुलांना स्वयंपाकाचं विचारतो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते नागपुरात. मी तिथल्या एका मोठ्या संस्थेत लागले होते. आमच्याकडे कमी प्राणवायूत काम करायचं नवं यंत्र आलं होतं, खोलीभर लांबीचं. पुढे काच, काचेला दोन गोल झरोके, झरोक्यांना आत गेलेले लांब रबरी हातमोजे. बाहेर उभं राहून आतल्या हवेत काम करायचं. पेशींना बाहेरचा वारा क्षणभरसुद्धा लागत नाही. निवृत्त झालेल्या मॅडमना मी हौसेने बघायला बोलावलं. त्या सकाळच्या गाडीने आल्या, माझ्यासाठी तुरीच्या शेंगा घेऊन. थकल्या होत्या. मी आकड्यांची पाटी, गॅसच्या नळ्या, सगळं दाखवत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

"मी आत हात घालू काय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत मोज्यांत सरकवले. तेवढ्यात मला कुणी बोलावलं म्हणून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा दारातूनच त्या दिसल्या. कपाळ काचेला टेकलेलं, चष्मा वर सरकलेला. आत त्यांनी पेशींची एक बशी उचलून दोन्ही तळव्यांवर धरली होती. काहीच करत नव्हत्या. नुसती धरून, जराही न हलवता, त्या दिवशी खाटेवर दादांची नखं बघत होत्या तशा तिच्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या बांगड्या हातात घेऊन दाराशी उभी राहिले. हाक मारली नाही.